सायकलची घासलेली चेन : देखभालीतल्या या चुका टाळा

नवी मुंबईतल्या पाम बीच रस्त्यावर रोज सकाळी सायकल चालवणाऱ्याला आपली चेन झिजली आहे हे महिनोन्‌महिने कळत नाही, कारण सपाट रस्त्यावर चेनवर येणारा ताण बेताचाच असतो. तीच सायकल ठाण्यातल्या येऊरच्या किंवा नवी मुंबईतल्या खारघरच्या टेकडीच्या चढाला लावली आणि सीटवरून उठून पेडलवर जोर दिला, की चेन दातांवरून एकदम सटकते, पाय रिकामा खाली जातो आणि हँडलवर आपटण्याची वेळ येते. अशा वेळी बहुतेक जण गिअर बिघडले असे समजून केबल कमी-जास्त ताणायला घेतात. मूळ दोष मात्र अनेकदा झिजलेल्या चेनचा असतो, आणि तो लक्षात येईपर्यंत त्या चेनने मागच्या कॅसेटचेही, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चाकांच्या संचाचेही, नुकसान केलेले असते.

मोजमाप न करता अंदाजावर राहणे

देखभालीतल्या सगळ्या चुकांत ही सर्वांत महाग पडते. चेनच्या पट्ट्या ताणल्या जाऊन ती लांबते, असा समज सर्रास आढळतो. वास्तविक पट्ट्या जशाच्या तशाच राहतात; झिजतात त्या पिना आणि पिना ज्या भोकांत फिरतात त्यांच्या कडा. नव्या चेनमध्ये एका पिनेपासून पुढच्या पिनेपर्यंतचे अंतर अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिमी असते, आणि कॅसेटचे व पुढच्या चेनव्हीलचे (पेडलजवळच्या दातेरी चाकाचे) दातही त्याच मापाने कापलेले असतात. प्रत्येक सांध्यात केसाएवढी झीज झाली की अंतर वाढते, रोलर (पिनांभोवती फिरणाऱ्या छोट्या नळ्या) दातांच्या खोबणीत नीट न बसता वर सरकतात, सगळा जोर मोजक्याच दातांवर येतो आणि ते दात एका बाजूने घासून आकड्यासारखे वाकडे दिसू लागतात.

मोजण्यासाठी महाग साधन लागत नाही, बारा इंची स्टीलची पट्टी पुरते. पेडलवर हलका दाब देऊन चेनची वरची बाजू ताठ करावी, पट्टीचा शून्य एका पिनेच्या मध्यावर धरावा आणि बाराव्या इंचाच्या खुणेशी काय दिसते ते पाहावे. चेन नवी असेल तर तिथे बरोबर पिनेचा मध्य येतो. तो खुणेच्या १/१६ इंच, म्हणजे सुमारे दीड मिलिमीटर पुढे गेला असेल तर झीज अर्ध्या टक्क्याची आहे. १/८ इंच पुढे गेला असेल तर एक टक्क्याची. अकरा किंवा बारा स्पीडच्या, म्हणजे मागे तितकी दातेरी चाके असलेल्या, सायकलची चेन अर्ध्या टक्क्यालाच बदलावी, दहा स्पीडपर्यंतच्या सायकलची पाऊण टक्क्याला, आणि गिअर नसलेल्या सायकलची एक टक्क्यापर्यंत चालवली तरी हरकत नाही. दोन-तीन ठिकाणी मोजून सर्वांत मोठे माप धरावे. कापडी टेप यासाठी वापरू नये. पुढच्या चेनव्हीलवरून चेन बोटांनी ओढून दात दिसतात का, हे पाहण्याची जुनी पद्धत ढोबळ आहे. ती धोक्याची सूचना देते तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो.

मळावरच तेल सोडणे

ठाणे आणि नवी मुंबईत चेनचा खरा शत्रू जून ते सप्टेंबरचा पाऊस आहे, आणि पाण्यापेक्षाही त्या पाण्याबरोबर उडणारी बारीक वाळू व सिमेंटची धूळ. घोडबंदर रस्त्यावरून ओल्या चाकांनी घरी आल्यावर सायकल तशीच गॅलरीत उभी करायची आणि दुसऱ्या दिवशी चेन कुरकुरली की वरून तेल सोडायचे, हा क्रम घरोघरी चालतो. या तेलात मिसळलेली वाळू पिनांपर्यंत पोहोचते आणि पॉलिश पेपरचे काम करते. म्हणून तेल घालण्यापूर्वी चेन पुसणे, निदान सुती फडक्यात धरून पेडल उलटे फिरवत साफ करणे, ही किमान गरज आहे.

पूर्ण सफाईसाठी चेनचे डीग्रीझर (तेलकट मळ काढणारे द्रावण) किंवा रॉकेल वापरता येते; पेट्रोल मात्र अजिबात वापरू नये, त्याच्या वाफा चटकन पेट घेतात. रॉकेलने धुतलेली चेन कोरडी होईपर्यंत तिला तेल लावू नये, कारण सांध्यात उरलेले रॉकेल नवे तेल पातळ करून टाकते. काळे झालेले रॉकेल सोसायटीच्या गटारात ओतू नये, एवढी काळजी आपण घेतलीच पाहिजे. पाण्याचा जोरदार फवारा चेनवर आणि चाकाच्या मधोमध मारणेही घातक, कारण बेअरिंगमधले ग्रीस त्यामुळे धुऊन निघते.

तेलाची जागा नेमकी ओळखावी. पेडल उलटे फिरवत खालच्या बाजूच्या चेनवर, आतल्या अंगाने, प्रत्येक रोलरवर एकेक थेंब सोडावा, काही मिनिटे तो मुरू द्यावा आणि मग बाहेरून दिसणारे सगळे तेल पुसून काढावे. बोट लावल्यावर चेन चिकट लागत असेल तर तेल जास्त झाले आहे. डिस्क ब्रेक असलेल्या सायकलवर तेलाचा शिंतोडा डिस्कवर उडणार नाही, याची खबरदारी घ्यावी. पावसाळ्यात घट्ट ‘वेट’ ल्यूब आणि कोरड्या महिन्यांत ‘ड्राय’ ल्यूब वापरावे. नेहमीचे डब्ल्यूडी-४० हे पाणी हटवण्यासाठी आणि गंज सोडवण्यासाठी चांगले आहे, पण चेनचे कायमचे वंगण म्हणून ते पुरत नाही. खोबरेल तेल, इंजिन ऑइल आणि बाहेरून थापलेले ग्रीस हे तिन्ही उपाय टाळावेत. ग्रीस तर पिनेपर्यंत पोहोचतच नाही आणि बाहेर धूळ मात्र गोळा करते.

चुकीची चेन, चुकीची लांबी

दुकानात जाण्यापूर्वी मागचे दातेरी चाकांचे थर मोजावेत. सात-आठ स्पीडची, नऊ स्पीडची आणि अकरा स्पीडची चेन बाहेरून वेगवेगळ्या रुंदीची असते, आणि क्विक लिंक, म्हणजे चेनची दोन टोके जोडणारी सुटी कडी, हीही त्याच स्पीडची लागते. पातळ चेनच्या क्विक लिंकांपैकी काही एकदाच वापरण्याजोग्या असतात, म्हणून पाकिटावरची सूचना वाचून घ्यावी.

जुन्या चेनशेजारी नवी लटकवून लांबी ठरवणे ही नेहमीची चूक आहे. ११६ कड्यांची चेन एक टक्का झिजली की सुमारे १५ मिमी लांब होते, म्हणजे एका कडीपेक्षा जास्त. तिच्या टोकाशी जुळवून कापलेल्या नव्या चेनच्या कड्यांचा हिशेब चुकतो. लांबी न मापता कड्या मोजाव्यात.

बदलल्यावरही चेन सटकत असेल तर

नवी चेन लावूनही जोर दिल्यावर ती उडी मारत असेल, तर कोणत्या गिअरवर उडते ते टिपावे. रोजच्या वापरातल्या एक-दोन दातेरी चाकांवरच असे होत असेल, तर ती चाके झिजली आहेत आणि कॅसेट किंवा फ्रीव्हील (साध्या सायकलींवरचा तसाच, हबवर स्क्रूने बसणारा संच) बदलावे लागेल. नव्या चेनला दोष देऊन उपयोग नाही. उलट प्रत्येक गिअरवर ठरावीक अंतराने एक झटका बसत असेल, तर एखादी कडी आखडलेली आहे. पेडल सावकाश उलटे फिरवावे. मागच्या डिरेलरच्या (चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या यंत्रणेच्या) छोट्या चाकावरून जाताना जी कडी सरळ होत नाही, ती हीच. ती दोन्ही हातांनी बाजूला हलकेच वाकवून मोकळी करावी.

सगळ्याच गिअरवर खरखर आणि घसरण असेल आणि सायकल अलीकडेच उजव्या बाजूला पडली असेल, तर केबलला हात लावण्याआधी सायकलमागे उभे राहून डिरेलर दातेरी चाकांना समांतर आहे का ते पाहावे. त्याला फ्रेमशी जोडणारा हँगर थोडासा जरी वाकला असेल, तरी केबल कितीही जुळवली तरी गिअर जागेवर बसत नाहीत, आणि तो सरळ करण्यासाठी योग्य हत्यार असलेल्या मेकॅनिककडेच जावे.