अभंगाच्या ठेक्यावर लिहायला बसताना

मला लिहायची गोडी भजनाने लावली. शाळेत निबंधाला कायम काठावरचे मार्क. मंडळात टाळ धरायला लागले तेव्हा कळलं, ‘मोठा अभंग’ या प्रकारात कडव्याचे चार चरण, म्हणजे तुकडे; त्यांत अक्षरं 6-6-6-4 आणि यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणात.

आधी पाच मिनिटं ठेका धरा, ताटलीवरही चालेल. मग समोर जे घडतंय तेच बोटांवर मोजत लिहा. जोडाक्षर एकच धरायचं. माझं पहिलं, दुधाच्या बिलामागे लिहिलेलं:

कुकरची शिट्टी । वाजे तिसऱ्यांदा ।
चिरते मी कांदा । डोळे ओले ॥

कांदा निव्वळ यमकासाठी आला हो! रडू वेगळ्याच कारणाने येत होतं. ते पुढच्या कडव्यात आपसूक उतरलं. शब्द बसेना तर खोडू नका, गुणगुणत राहा. आणि विठोबाला लगेच बोलावू नका, उसना वाटतो.