जीएसटीची रक्कम वेगळ्या खात्यात ठेवावी

ग्राहकाने बिलासोबत दिलेला कर चालू खात्यात पडून राहतो, ती शिल्लक आपलीच समजून नवा माल भरला जातो आणि पुढच्या महिन्याच्या २० तारखेला मासिक विवरणपत्र भरताना ऐनवेळी पैशांची ओढाताण होते.

१. आपल्याच बँकेत केवळ करासाठी दुसरे खाते उघडावे.

२. दर शनिवारी त्या आठवड्यातील बिलांची बेरीज करून कराचा भाग त्या खात्यात वळवावा. १८ टक्के दराच्या मालाची करासह बेरीज ११,८०० रुपये असेल, तर तिला ११८ ने भागून १८ ने गुणावे, म्हणजे १,८०० रुपये येतात. थेट ११,८०० चे १८ टक्के काढल्यास २,१२४ येतात आणि हिशेब चुकतो.

३. खरेदीवर भरलेल्या कराची वजावट मिळाल्यामुळे कर भरूनही त्या खात्यात जे उरेल, ते विवरणपत्र भरल्यावरच धंद्यात परत आणावे.

बेरीज मात्र जमा झालेल्या पैशांची नव्हे, फाडलेल्या बिलांचीच करावी, कारण उधारीवर विकलेल्या मालाचा करही, गिऱ्हाइकाने एक रुपया दिलेला नसला तरी, साधारणपणे बिलाच्या तारखेनुसार भरावा लागतो आणि भरणा लांबल्यास वार्षिक १८ टक्के दराने व्याज लागते.