‘जेटपॅक’ची कॅसेट : अल्टिमेटच्या जुन्या टेपांची प्रत कशी काढावी

इंग्लंडमधल्या लेस्टरशायर परगण्यातल्या ॲशबी-द-ला-झूश या गावात १९८२ साली टिम आणि ख्रिस स्टॅम्पर या भावांनी ॲशबी कॉम्प्युटर्स अँड ग्राफिक्स ही कंपनी काढली. कॉम्प्युटरचे खेळ मात्र ‘अल्टिमेट प्ले द गेम’ या नावाने विकले. माणसं मोजकी होती आणि पत्रकारांशी फारसं बोलायचं नाही असा शिरस्ता. त्यामुळे त्यांची कारागिरी समजून घ्यायला कॅसेटच हाताशी उरते.

१९८३चा ‘जेटपॅक’ १६के स्पेक्ट्रमवर चाले. हा घरगुती संगणक, आणि त्यात खेळ कॅसेटवरच्या आवाजातून भरला जाई. मेमरी एकूण १६,३८४ बाइट. त्यातले ६,९१२ पडद्याच्या चित्रालाच जातात, म्हणजे उरले ९,४७२. रॉकेटची जुळणी, इंधन, लेसर, शत्रू, सगळं तेवढ्यात बसवलंय! एवढ्या घट्ट विणलेल्या कोडमध्ये एक बाइट चुकला तरी खेळ कोसळू शकतो, म्हणून प्रत नेमकीच हवी.

आधी कॅसेटमधला स्पंजचा प्रेशर पॅड जागेवर आहे का ते पाहा. तो गळला असेल तर टेप ती वाचणाऱ्या हेडला टेकत नाही. हेड आणि रबरी चाक साफ करा. हेडला आयसोप्रोपिल अल्कोहोल चालतं, रबराला साबणाचं पाणी बरं. मग टेप एकदा टोकापासून टोकापर्यंत फिरवून मोकळी करा.

खरी मेख अझिमथची, म्हणजे टेपशी हेडचा जो कोन असतो त्याची. हेडशेजारचा स्प्रिंगवाला छोटा स्क्रू पाव-पाव फेरा फिरवत आवाज सगळ्यात तीक्ष्ण लागेल तिथे थांबा. हे दर कॅसेटला नव्याने करावं लागतं, कारण प्रत्येक टेप वेगळ्या यंत्रावर भरलेली असते. डॉल्बी (खरखर कमी करणारी सोय) बंद ठेवा.

रेकॉर्डिंग ४४,१०० हर्ट्‌झ, १६ बिट, वेव्ह फाइलमध्ये. एमपी३ नको. स्टिरिओत घ्या आणि नंतर एकच चॅनेल वापरा. दोन्ही एकत्र केले आणि हेड किंचित तिरकं असलं, तर वरच्या पट्टीचा आवाज एकमेकांना खाऊन टाकतो. शिखरं कापली जाणार नाहीत इतपतच पातळी ठेवा आणि खरखर काढणारे फिल्टर लावू नका.

आता ऑडॅसिटी या ध्वनी-संपादनाच्या प्रोग्रॅममध्ये लहर मोठी करून बघा. सुरुवातीच्या सलग शिटीत अर्धी लहर सुमारे २७ नमुन्यांची हवी. पुढे डेटात शून्य बिटची अर्धी लहर ११, एक बिटची २२. स्पेक्ट्रम बिट ओळखतो तो या लांबीवरून, आवाजाच्या जोरावरून नव्हे. शिटीत २७ऐवजी ३० आले तर कॅसेट डेक हळू चालतोय, त्याचा रबरी पट्टा बदला.

फ्यूज या एम्युलेटरच्या (स्पेक्ट्रमची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमच्या) साधनांतल्या ‘ऑडिओटूटेप’ने फाइल टीझेडएक्स या स्पेक्ट्रम-टेपच्या फाइल-प्रकारात बदला आणि एम्युलेटरमध्ये चालवा: ‘जे’ कळ दाबली की लोड येतं, मग सिम्बॉल शिफ्ट धरून ‘पी’ दोनदा, एंटर. रॉमच्या (स्पेक्ट्रममधल्या कायमच्या प्रोग्रॅमच्या) नेहमीच्या पद्धतीत पडद्याच्या कडेला शिटीच्या वेळी लाल-आकाशी पट्टे, डेटाच्या वेळी निळे-पिवळे. चित्राच्या ६,९१२ बाइटना साधारण ३५-४० सेकंद लागतात. प्रत्येक ब्लॉकचा शेवटचा बाइट तपासणीचा. सुरुवातीच्या फ्लॅग बाइटसकट सगळ्या बाइटांचा एक्सॉर (बिटांची तुलना करणारी क्रिया) शून्य आला की तो ब्लॉक बहुधा निर्दोष.

‘टेप लोडिंग एरर’ दरवेळी एकाच जागी येत असेल तर टेपच खराब झाली आहे. दुसऱ्या बाजूला तोच खेळ असेल तर तिथून घ्या. जागा बदलत असेल तर दोष अझिमथचा किंवा पातळीचा.

स्टॅम्पर बंधूंची पुढची कंपनी रेअर २००२पासून मायक्रोसॉफ्टकडे आहे, तेव्हा प्रत स्वतःपुरतीच ठेवा. नुसतं खेळायचं असेल तर २०१५च्या ‘रेअर रिप्ले’ संचात ‘जेटपॅक’ आहे. मूळ वेव्ह फाइल पुसू नका, आणि कॅसेट स्पीकरपासून लांब, उभी ठेवा.