विद्यापीठाजवळच्या गुंठ्यांवर खोल्या बांधायच्या असतील तर

१९९८ साली बेळगावात व्हीटीयूची (विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाची) स्थापना झाली, पुढे मच्छेजवळ त्याचा ज्ञानसंगम हा परिसर उभा राहिला आणि खानापूर रस्त्यालगतची शिवारे प्लॉटांत मोडू लागली. २०१० नंतर राणी चन्नम्मा विद्यापीठामुळे भूतरामहट्टीच्या बाजूलाही तेच सुरू झाले. उपनगराचा आराखडा नियोजन प्राधिकरण कागदावर काढते. पण गल्ली किती रुंद राहणार आणि सांडपाणी कुठे जाणार, हे प्रत्यक्षात दहा-पंधरा गुंठे विकणारा शेतकरी आणि त्यातला प्लॉट घेऊन विद्यार्थ्यांसाठी खोल्या बांधणारा ठरवतो. हे लेखन त्या दोघांसाठी आहे.

सुरुवात उताऱ्यापासून. आरटीसी, म्हणजे कर्नाटकातला सातबारा, कन्नडमध्ये असतो, म्हणून रकाने नंबरावरून ओळखा: ३ मध्ये क्षेत्र आणि खराबा (लागवडीत न धरलेली जमीन), ९ मध्ये कब्जेदाराचे नाव, १० मध्ये जमीन त्याच्याकडे कशी आली, ११ मध्ये बोजा व इतर हक्क. नवव्या रकान्यात तीन भावांची नावे आणि विसारपावतीवर एकाचीच सही असेल, तर वाटणीची नोंद होईपर्यंत पैसे देऊ नका. खराबा तर नीटच तपासा. ‘अ’ खराबा पिकाला निरुपयोगी, पण मालकाचाच. ‘ब’ खराबा म्हणजे नाला, पाणंद, सार्वजनिक वाट; तो विकता येत नाही. एकूण क्षेत्रावर दर ठरवला की मोजणीनंतर घेणाऱ्याचे दोन गुंठे नाल्यात निघतात.

सर्व्हे नंबरातला तुकडाच घ्यायचा असेल तर आधी मोजणी खात्याचा ११-ई नकाशा, म्हणजे त्या तुकड्याचा मोजणी नकाशा, लागतो. मग महसूल कायद्याच्या कलम ९५ खाली बिनशेती (एन.ए.) परवानगी, त्यानंतर लेआउटची, म्हणजे प्लॉट-रस्त्यांच्या आखणीची, मंजुरी. यातल्या शेवटच्या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. ‘एन.ए. झाले आहे’ एवढ्यावर प्लॉट घेणारे पुढे बांधकाम परवान्यासाठी अडकतात, कारण लेआउट मंजूरच नसतो. ग्रामपंचायत हद्दीत ई-स्वत्तूचा (पंचायतीच्या संगणकीय मालमत्ता नोंदीचा) नमुना ९ आणि ११-अ मागा. समोर ११-ब आला तर ती मालमत्ता अनधिकृत नोंदीतली आहे असे समजा. बँका तिथे हात आखडतात.

आता रस्ता. एक गुंठा १,०८९ चौरस फूट. ९९ बाय ११० फुटांच्या दहा गुंठ्यांत लांबीच्या बाजूने ३० फुटी रस्ता सोडला तर ३,३०० चौरस फूट, म्हणजे तीन गुंठे जातात. पंधरा फुटांवर भागवले की दीड गुंठा वाचतो, आणि मोह होतो तो इथेच. पण त्या गल्लीत दोन्हीकडे दुचाक्या लागल्या की अग्निशमनाची गाडी सोडाच, मैला उपसणारा टँकरही आत शिरत नाही. मैल्याचा टँकर तर दरवर्षी लागणारच. रस्ता ३० फुटीच सोडा, आणि मध्यापासून दोन्ही कडांना चाळीसास एक उतार द्या.

गटाराचा उतार दर १०० फुटांना किमान ६ इंच ठेवा. मात्र दिशा नकाशावरून ठरवू नका. वळवाच्या जोरदार पावसात प्लॉटवर उभे राहून पाणी कुठून येते आणि कुठे जाते ते बघा, खुंट्या ठोकून घ्या. भाताच्या खाचरावर भराव घालून लेआउट केला असेल तर वरच्या बांधाचे पाणी त्याच वाटेने येत राहते. ती वाट भिंतीने अडवली की शेजाऱ्याच्या खोलीत पाणी शिरते आणि भांडण कोर्टात जाते.

वीस जणांसाठी सेप्टिक टाकी आतून २.३ मीटर लांब, १.१ मीटर रुंद, पाण्याची खोली १.३ मीटर आणि वर ३० सेंटिमीटर मोकळी जागा, अशी बांधा. ती वर्षाला उपसावी लागते. शोषखड्डा विहिरीपासून किमान १८ मीटर दूर हवा. आता हिशेब करा: ३० बाय ४० फुटांचा प्लॉट साधारण ९ बाय १२ मीटरचा. प्रत्येकाने आपापली बोअर आणि आपापला शोषखड्डा घेतला तर हे अंतर राहूच शकत नाही. जांभा दगड सच्छिद्र असल्याने मैलापाणी त्यातून लवकर झिरपते आणि उन्हाळ्यात बोअरला वास येऊ लागतो. यावर उपाय एकच. लेआउट पाडतानाच विहीर-बोअर चढाच्या बाजूला, सामाईक टाकी आणि शोषखड्डा उताराला ठेवा. हे एका घराला जमत नाही, आठ-दहा प्लॉटवाल्यांनी मिळून करायचे काम आहे.

पाण्याचा अंदाज माणशी १३५ लिटर धरा. बारा मुलांना रोज १,६२० लिटर, म्हणजे चार दिवसांआड नळ येत असेल तर साठा साडेसहा हजारांचा. हजार चौरस फूट गच्चीवर १,२०० मिलीमीटर पाऊस पडला तर, गळती वजा जाता, ९० हजार लिटरच्या आसपास पाणी मिळते. ते बोअरच्या पुनर्भरणाला सोडा, पण पहिल्या एक-दोन पावसांचे पाणी बाहेर जाऊ द्या.

दोघांच्या खोलीला १० बाय १२ फूट पुरते. खिडक्या फरशीच्या सहाव्या हिश्शाच्या, म्हणजे २० चौरस फूट. नैऋत्येचा पाऊस आडवा येतो, म्हणून पश्चिमेच्या खिडक्यांवर दोन फुटी छज्जा लागतोच.

हिरेबागेवाडीच्या बाजूला काळी माती लागते. तिथे पाया मुरूम लागेपर्यंत न्या आणि फरशीखालची काळी माती दोन-तीन फूट काढून मुरमाने भरा, थराथराने पाणी मारून ठोका. ती तशीच ठेवली तर पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि दुसऱ्याच वर्षी फरशीला कोपऱ्यापासून भेग जाते. मेच्या मध्यापर्यंत काम जोत्यावर येणार नसेल तर पाया खोदूच नका. दिवाळीनंतर सुरू करा.