होडीला ॲव्हरेज नसते: शिडाच्या लहान होडीवर पेट्रोलचा अंदाज कसा बांधावा

गोसीखुर्द धरणाच्या बॅकवॉटरवर होडीचे काम शिकू पाहणारी आपल्या भागातली मुले-मुली मला शिडाविषयी फारसे विचारत नाहीत. ती विचारतात पेट्रोलविषयी. "लिटरमागे किती चालते जी?" हा त्यांचा पहिला प्रश्न असतो, आणि मोटारसायकलवर वाढलेल्या आपल्यासारख्यांना तो अगदी स्वाभाविक वाटतो. मी कोकण किनाऱ्यावर शिडाच्या होडीवर मदतनीस म्हणून काम शिकले आणि नंतर पवनी तालुक्यात परत आले, तेव्हा माझ्याही डोक्यात हाच प्रश्न घट्ट बसलेला होता. तो निघायला बराच काळ लागला आणि त्याची किंमतही मोजावी लागली. आजही टाकी भरताना मी आकडा दोनदा तपासते.

इंजिन सुरू कसे करायचे, टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू केव्हा उघडायचा, रबरी फुगा किती दाबायचा, मनगटाची लाल दोरी का बांधायची, हे तुम्हाला येते असे मी धरून चालते. येत नसेल तर पेट्रोलचा हिशेब नंतर; आधी ते शिका.

मोटारसायकलचे ॲव्हरेज सांगता येते, कारण रस्ता जागेवर असतो आणि भंडाऱ्याला जाताना जितका घर्षणाचा विरोध तितकाच परत येतानाही असतो. पाण्यावर तसे नाही. होडीचे इंजिन किलोमीटरमागे नव्हे, तासामागे पेट्रोल पिते, आणि त्या तासात तुम्ही किती पुढे सरकलात याच्याशी इंजिनाला काही देणेघेणे नसते. वाऱ्याच्या तोंडावर होडी जागच्या जागी डुलत राहिली तरी वेगाची मूठ पूर्ण पिळलेली असेल तर पेट्रोल पूर्ण वेगाने जातच असते. म्हणून प्रश्न असा विचारायचा: मुठीच्या या स्थितीला ताशी किती लिटर जाते, आणि आजच्या वाऱ्यात या अंतराला किती तास लागतील?

पहिल्या भागाचे उत्तर ढोबळमानाने सोपे आहे. चार-स्ट्रोक पेट्रोल आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागच्या फळीवर बाहेरून बसवलेले इंजिन, पूर्ण मुठीवर अश्वशक्तीमागे ताशी सुमारे 0.35 ते 0.4 लिटर पेट्रोल घेते. म्हणजे 5 अश्वशक्तीचे इंजिन ताशी पावणेदोन ते दोन लिटर. जुने कार्बोरेटरचे टू-स्ट्रोक असेल तर दीडपट धरा. इथपर्यंत कोणीही सांगतो.

पुढचे कमी लोक सांगतात. शिडाच्या होडीचा तळ पाणी कापत जातो, स्पीडबोटीसारखा पाण्यावर चढत नाही, त्यामुळे तिच्या वेगाला एक छत असते. पाण्याला टेकलेली लांबी फुटांत घ्या, तिचे वर्गमूळ काढा आणि अडीचने गुणा. ताशी किलोमीटरमधली कमाल गती मिळते. सोळा फुटांना वर्गमूळ चार, म्हणजे ताशी दहा किलोमीटर. त्या छताच्या जवळ जाऊ लागले की होडी स्वतःच उठवलेल्या लाटेच्या खळग्यात बसते, मागचा भाग दबतो, आवाज वाढतो आणि वेग मात्र जेमतेम हलतो. लागणारी शक्ती ढोबळमानाने वेगाच्या घनाप्रमाणे वाढते. छताजवळ तर त्याहूनही वेगाने. ताशी साडेसातवरून साडेनऊवर जायचे तर वेग चतुर्थांशाने वाढतो आणि पेट्रोल दुप्पट जाते. माझ्या अठरा फुटी होडीवर, जिची पाण्यातली लांबी सोळा फूट आहे, पाच अश्वशक्तीचे इंजिन शांत पाण्यात ताशी साडेसात किलोमीटरला साधारण एक लिटर घेते आणि पूर्ण मूठ पिळल्यावर दोनच्या जवळ.

आता तो सापळा. यावर मी जरा जास्तच बोलेन, कारण मी त्यातूनच शिकले.

समजा, बारा किलोमीटरवरच्या घाटापर्यंत जाऊन परत यायचे आहे. सकाळी पाणी काचेसारखे असते. ताशी साडेसातच्या चालीने बारा किलोमीटरला एक तास छत्तीस मिनिटे लागतात आणि पेट्रोल जाते 1.6 लिटर. मन लगेच मोटारसायकलचा हिशेब करते: लिटरमागे साडेसात किलोमीटर, जाऊन-येऊन 3.2 लिटर, चला, चार लिटर घेऊ, वर पाऊण लिटर शिल्लक. हा हिशेब कागदावर निर्दोष आहे आणि म्हणूनच धोकादायक आहे. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे दुपारी वारा उठतो, बहुधा वायव्येकडून, आणि वरच्या अंगाला परतणाऱ्या होडीच्या तो तोंडावर येतो. उघड्या पाण्यावर त्याला अडवायला काही नसते. आखूड, उभ्या लाटा तयार होतात, होडी प्रत्येक लाटेवर आपटून थबकते, उभी डोलकाठी आणि तिच्या तारा वारा अडवतात. अशा वेळी मूठ पूर्ण पिळूनही ताशी पाच किलोमीटर मिळाले तरी पुष्कळ. बारा किलोमीटरला 2.4 तास, ताशी 1.9 लिटर दराने साडेचार लिटरांहून जास्त. टाकीत उरलेले असतात 2.4 लिटर. ते सवा तासात संपतात, तोवर होडी सहा किलोमीटरवर असते, म्हणजे वाटेच्या जवळजवळ मधोमध, दोन्ही घाटांपासून सारखीच लांब. त्यातही टाकीच्या तळाचे शेवटचे अर्धा-पाऊण लिटर नळीत येत नाही, विशेषतः होडी डुलत असताना. तेव्हा प्रत्यक्षात ती आणखी आधी थांबते.

"एक तृतीयांश जायला, एक तृतीयांश यायला, एक तृतीयांश राखीव" हा जगभर सांगितला जाणारा नियम तुम्हीही ऐकला असेल. नियम चांगला आहे. पण तो सकाळच्या शांत आकड्याला लावला तर 3.2 चे 4.8 लिटर होतात, आणि वरच्या उदाहरणात गरज सहा लिटरांहून जास्त होती. म्हणजे नियम पाळूनही तुम्ही अडकता. नियम लावायचा तो वाईट परतीच्या आकड्याला: जाताना 1.6, येताना 4.6, मिळून 6.2, आणि त्याचे दीडपट म्हणजे सव्वानऊ लिटर. बारा लिटरची बाहेरची टाकी यासाठीच असते. इंजिनाच्या डोक्यावरची लिटर-सव्वालिटरची छोटी टाकी घाटावरून उघड्या पाण्यात येण्यापुरती आहे, प्रवासासाठी नाही. हे मी कठोरपणे सांगते आहे, कारण इथे सौम्यपणे सांगितलेले कोणी ऐकत नाही.

घाबरून जाऊ नका, मात्र. शिडाच्या होडीवर इंजिन बंद पडले तरी तुमच्याकडे शीड आहे, ही डोंग्यावाल्याला न मिळालेली चैन आहे. खरे तर वाऱ्याच्या अगदी तोंडावर इंजिनाने ढकलत राहणे हाच सर्वांत महागडा मार्ग आहे. शीड लहान करून चढवा, होडी वाऱ्यापासून पस्तीस-चाळीस अंश बाजूला घ्या, मूठ अर्ध्यावर ठेवा आणि तिरप्या रेघांनी वर चढा. अंतर पाव ते तिसऱ्या हिश्शाने वाढते, बाराचे पंधरा-सोळा किलोमीटर होतात, पण होडी ताशी सातच्या आसपास जाते आणि पेट्रोल ताशी लिटरभरच, म्हणजे एकूण सव्वादोन लिटर. सरळ ढकलण्याच्या निम्मे. फक्त होडी जास्त कलू देऊ नका. कलली की मागच्या फळीवरचे इंजिन पाण्याबाहेर उचलले जाते, त्याचा पाण्यातला पंखा हवा ओढतो आणि इंजिनाच्या थंडाव्याचे पाणी तुटते. यासाठी शिडावर हात बसलेला लागतो. तो बसेपर्यंत हे बचतीचे साधन आहे असे धरू नका आणि टाकी पूर्ण हिशेबानेच भरा.

आता स्वतःचे इंजिन मोजायचे कसे. पुस्तिकेतला आकडा नव्या इंजिनाचा, स्वच्छ तळाचा आणि कोणा दुसऱ्याच्या होडीचा असतो. मुठीवर नेलपॉलिशने तीन खुणा करा: संथ, अर्धी, पूर्ण. टाकी सपाट जागी ठेवून ठरलेल्या रेघेपर्यंत भरा, एका खुणेवर घड्याळ लावून तासभर चालवा, परत येऊन मापाच्या मगाने त्याच रेघेपर्यंत भरा. जितके घातले तितके त्या तासाचे. प्रत्येक खुणेला हे दोनदा करा, एकदा वाऱ्यात. रोजच्या तपासणीला मी बांबूची चिरलेली पट्टी वापरते. रिकाम्या टाकीत एकेक लिटर ओतत पट्टीवर चाकूने खाचा पाडल्या आहेत, आणि बुडवण्याआधी तिच्यावर खडू घासते, कारण आपल्या उन्हात पेट्रोलची ओल पट्टी बाहेर काढता काढता उडून जाते. खडू ओला झालेली रेघ मात्र वाचण्यापुरती टिकते. टाकीवरचा तरंगता काटा मी पाहते, मानत नाही.

गुरूंविषयी थोडे. "पाच लिटर घे, पुरते" असे सांगणारे अनुभवी लोक घाटावर भरपूर भेटतात. त्यांचा अनुभव खोटा नसतो, पण तो त्यांच्या होडीचा, त्यांच्या वजनाचा आणि बहुधा हिवाळ्यातल्या सकाळचा असतो. जो आकडा सांगतो आणि तो कसा काढला हेही दाखवतो, त्याला धरून राहा. मोबाइलवर फिरणाऱ्या तक्त्यांबद्दल माझे मत याहून वाईट आहे. त्यांत होडीची लांबी नसते, वारा नसतो, किती माणसे बसली आहेत हेही नसते.

वाहत्या पाण्याविषयी एक गैरसमज काढून टाका. जाताना प्रवाह साथ देतो आणि येताना विरोध करतो, म्हणून फिटंफाट होते, असे होत नाही. ताशी दोन किलोमीटरचा प्रवाह असेल तर साडेसातची चाल एकीकडे साडेनऊ होते आणि दुसरीकडे साडेपाच. संथ बाजूला तुम्ही जास्त वेळ घालवता, त्यामुळे एकूण वेळ वाढतोच. पावसाळ्यात धरणाचे 33 दरवाजे उघडू लागतात तेव्हा हा हिशेब करत बसू नका, होडी काठाला बांधून ठेवा.

भंडाऱ्याकडच्या भागात जलपर्णी हा स्वतंत्र खर्च आहे. ती पंख्याला गुंडाळली की इंजिन ओरडते आणि होडी हलत नाही, शिवाय थंडाव्याच्या पाण्याच्या जाळीवर बसली तर मागून पडणारी पाण्याची धार बारीक होते. ती धार दर काही मिनिटांनी पाहण्याची सवय लावून घ्या. पट्टा समोर दिसला तर घुसू नका, वळसा घाला, आणि त्या वळशाचे तास आधीच धरा. उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर बुडालेल्या झाडांचे खुंट वर येतात, तिथेही वेग निम्मा.

पेट्रोलच्या जातीबद्दल. पंपावर आता 20 टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा कमी असते, त्यामुळे जुन्या आकड्यांवर सहा-सात टक्के वाढवा. ते पाणी शोषते, आणि पाणी जास्त झाले की इथेनॉल पाण्यासह तळाला वेगळे बसते, नेमके तिथे जिथून नळी ओढते. म्हणून महिनोन् महिने ठेवलेले पेट्रोल होडीत घालू नका, ते मोटारसायकलला संपवा. पानठेल्यावर बाटलीत मिळणारे पेट्रोल राखीव म्हणून धरू नका. त्यात काय आहे ते विकणाऱ्यालाही माहीत नसते. टू-स्ट्रोक असेल तर काठावरच्या कोणाच्या गाडीतून काढलेले पेट्रोल तसेच ओतणे म्हणजे इंजिन जाळणे. टू-स्ट्रोकला पेट्रोलमध्ये तेल मिसळावे लागते; 50 ला 1 या प्रमाणासाठी लिटरमागे 20 मिलिलिटर तेल लागते, तेव्हा तेलाची छोटी बाटली आणि माप होडीतच ठेवा.

टाकी होडीत भरू नका, काठावर उतरवून भरा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि होडीच्या तळाशी साचते. काठोकाठही भरू नका, कारण आपल्या उन्हात पेट्रोल फुगते. भरून झाले की ओले फडके घालून टाकी बसण्याच्या फळीखाली, सावलीत ठेवा.

निघताना वहीत चार गोष्टी लिहा: पट्टीवरची खाच, निघण्याची वेळ, वारा कुठून, आणि परतायची खाच. ती शेवटची खाच मी आधीच ठरवते. वरच्या उदाहरणात टाकीत सव्वानऊ लिटर असतात आणि परतीला वाईट वाऱ्यात 4.6 लागतात, त्यावर तीन लिटर राखीव धरले की आकडा 7.6 होतो, म्हणून पट्टी साडेसातच्या खाचेवर आली की घाट दिसत असला तरी होडी वळवते. सोबतची माणसे कुरकुर करतात. सुरुवातीला तुम्हालाही ते फार जाचेल, विशेषतः कोणी पैसे देऊन बसलेले असेल तेव्हा. वही उघडून त्यांना आकडे दाखवा, बहुतेक जण ऐकतात.