तारीख आधी, डोंगर नंतर: लीड्समध्ये राहून मैत्री आणि भटकंती जमवताना

उत्तर इंग्लंडमधल्या लीड्समध्ये शनिवारी सकाळी "चहा टाक गं" म्हणत कुणी दारात उभं राहत नाही. शेजारी चांगले असतात. तुम्ही गावाला गेलात तर पार्सल घेऊन ठेवतात, कचऱ्याचा डबा आत ओढतात. पण न सांगता येत नाहीत. नवीन आलेली मंडळी पहिल्याच हिवाळ्यात ठरवून टाकतात की इथली माणसं तुटक आहेत. मला हे अजिबात मान्य नाही. इथे मैत्री कॅलेंडरवर जुळते. तीन-चार आठवडे आधी तारीख धरली की हीच माणसं पावसापाण्याची पर्वा न करता पहाटे उठून स्टेशनवर हजर होतात. तारीख धरणारं कुणीतरी लागतं, आणि ते तुम्ही व्हावं असं मला वाटतं. मी मूळची साताऱ्याची, इथल्या एका हॉस्पिटलच्या फार्मसीत काम करते. आमच्या गटात हे काम बरीच वर्षं माझ्याकडे आहे, म्हणून जे जमत गेलं ते सांगते.

आधी माणसं कुठे भेटतात ते. मराठी मंडळाच्या गणपतीला आणि दिवाळीला जाच. लंडनचं महाराष्ट्र मंडळ 1932 सालचं आहे, आणि आता उत्तरेकडच्या शहरांतही आपली मंडळी मोदक करायला एकत्र जमतात. तिथे ओळखी होतात, आजारपणात खिचडी घेऊन येणारी माणसं मिळतात. पण तेवढ्यावर थांबू नका. शनिवारी सकाळी नऊ वाजता, म्हणजे इंग्लंड आणि वेल्समध्ये सगळीकडे त्याच वेळी, जवळच्या बागेत पार्करन असते: पाच किलोमीटर, फुकट, एकदा नाव नोंदवून बारकोड घ्यायचा की झालं. चाललात तरी चालतं. पळून झाल्यावर बरेच जण कॉफीला थांबतात, आणि खरी ओळख त्या अर्ध्या तासात होते, तेव्हा घाईने घरी निघू नका. डोंगर आवडत असतील तर रॅम्बलर्स ही पायी भटकणाऱ्यांची 1935 पासूनची संस्था आहे. सभासद होण्याआधी त्यांच्याबरोबर तीनदा फुकट चालून बघता येतं. तिथे निवृत्त माणसं बरीच असतात. एकटीने आलेल्या मुलीला त्यांच्याइतकी भरवशाची सोबत दुसरी नाही. वाट, कुंपण, ढग, मेंढ्यांच्या जाती, सगळं शिकवतात.

आमचा गट असाच मिसळलेला आहे. काही मराठी, एक केरळची नर्स, बाकी इथले, यॉर्कशरचे. अशा गटात एक पथ्य पाळा: चालताना सगळ्यांना कळेल त्या भाषेत बोला. दोघी मराठीत रंगल्या की तिसरी हळूहळू मागे पडत जाते आणि पुढच्या वेळी येत नाही.

आता निमंत्रण. "कधीतरी जाऊ या" या वाक्यातून आजवर एकही सहल निघालेली मी पाहिली नाही. "कुठे जायचं?" असं गटात विचारलं तरी तेच. बारा ठिकाणं सुचतात आणि विषय विरतो. मी तारीख, ठिकाण आणि खर्च ठरवूनच मेसेज टाकते. साधारण असा: "शनिवार 13 जून. सकाळच्या गाडीने लीड्सहून हॉर्टन, पेन-ई-गेंटचा डोंगर चढून संध्याकाळी परत. चाल साधारण 10 किलोमीटर, जेवण धरून पाच तास. वॉटरप्रूफ जॅकेट आणि बूट हवेतच. डबा आपापला. 31 मेपर्यंत कळवा, दुसऱ्या दिवशी तिकिटं काढते." शेवटची तारीख फार महत्त्वाची. इथली माणसं ती गांभीर्याने घेतात, आणि नाही म्हणायचं असेल तर स्पष्ट नाही म्हणतात. त्या नकाराने मन खट्टू करून घेऊ नका. त्या दिवशी त्यांच्या भाचीचा वाढदिवस खरंच असतो. पुढच्या वेळी पुन्हा विचारा.

पहिल्या सहलीला मी हॉर्टनच का सुचवते? कारण स्वतःची मोटार न्यायची गरज नाही. लीड्सहून सेटल-कार्लाइल मार्गाची गाडी सुमारे सव्वा तासात हॉर्टन-इन-रिबल्सडेलला सोडते आणि वाट स्टेशनापासूनच सुरू होते. जाताना उजव्या बाजूच्या खिडकीत बसा. शेवटच्या टप्प्यात पेन-ई-गेंटचा सिंहासारखा बसलेला आकार तिथूनच दिसतो. हा लोहमार्ग 1980च्या दशकात बंद होणार होता. आसपासच्या लोकांनी वर्षानुवर्षं चळवळ केली आणि 1989 साली तो वाचला. हॉर्टनच्या पुढच्याच स्टेशनाजवळ रिबलहेडचा 24 कमानींचा पूल आहे. मेहनतीने उभारलेला आणि पुढे मेहनतीने राखलेला हा मार्ग आहे हे माहीत असलं की त्या गाडीत बसताना वेगळंच वाटतं. मात्र दिवसाला गाड्या मोजक्याच असतात, तेव्हा परतीच्या दोन गाड्यांच्या वेळा आधीच लिहून घ्या. रविवारी रुळांची कामं निघतात आणि गाडीऐवजी बस धावते, म्हणून आदल्या रात्री एकदा तपासा.

तिकिटांचं गणित सोपं आहे. तीन ते नऊ मोठी माणसं एकत्र जाणार असतील तर बऱ्याच कंपन्यांच्या गर्दी नसलेल्या वेळच्या गाड्यांवर ग्रुपसेव्ह मिळतं: एक तृतीयांश भाडं कमी. कार्ड वगैरे काही लागत नाही, पण सगळ्यांनी दोन्ही वेळा बरोबरच प्रवास करायला हवा. दोघंच नेहमी फिरत असाल तर टू टुगेदर रेलकार्ड घ्या, 35 पौंडांचं ते कार्ड दोन-तीन लांबच्या फेऱ्यांत वसूल होतं. इंग्लंडमध्ये बहुतेक बसचं एका फेरीचं भाडं 2025 पासून जास्तीत जास्त 3 पौंड आहे. समुद्राकाठच्या व्हिटबीला जायचं तर मी मुद्दाम मॉल्टनमार्गे कोस्टलायनरच्या बसने जाते. लांबचा रस्ता आहे, पण वरच्या मजल्यावर पुढच्या सीटवरून ऑगस्टात नॉर्थ यॉर्क मूर्सच्या माळरानावर फुललेला जांभळा हेदर बघायला मिळतो. व्हिटबीत उतरलं की ॲबीच्या, म्हणजे जुन्या मठाच्या 199 पायऱ्या आणि मग बंदरावर फिश अँड चिप्स.

डोंगराविषयी थोडं खोलात सांगते, कारण आपल्याकडची चांगली ट्रेकर मंडळी इथे गाफील राहतात. कळसूबाई 1646 मीटर. ब्रिटनमधलं सगळ्यात उंच शिखर बेन नेव्हिस 1345 मीटर, आणि पेन-ई-गेंट तर अवघं 694. आकडे बघून हसू येतं. पण सह्याद्रीतला पाऊस अंगावर घ्यायचा पाऊस असतो, भिजलं तरी शरीर गरम राहतं. इथला जूनमधला पाऊससुद्धा वाऱ्याबरोबर आडवा येतो आणि हाडं गोठवतो. म्हणून जीन्स चालणार नाही, भिजली की ती सुकत नाही. आत पातळ बनियन, वर लोकरीचा किंवा फ्लीसचा थर, त्यावर वॉटरप्रूफ. टोपी आणि हातमोजे उन्हाळ्यातही पिशवीत. छत्री घरी ठेवा. हवामानासाठी शहराचा अंदाज बघू नका, मेट ऑफिस, म्हणजे इथलं हवामान खातं, डोंगरांचा अंदाज वेगळा देतं, त्यात वाऱ्याचा वेग पहा. फोनवर नकाशा उतरवून घ्याच, पण ऑर्डनन्स सर्व्हेचा 1:25,000चा कागदी नकाशाही ठेवा. सगळे त्याभोवती वाकून वाट शोधतात त्यातही एक मजा आहे.

मदत लागली तर 999 ला फोन करून आधी पोलीस आणि मग माउंटन रेस्क्यू मागायचं. हे स्वयंसेवक असतात आणि पैसे घेत नाहीत. आमच्या गटातले सगळे दरवर्षी त्यांना थोडी देणगी देतात, तुम्हीही द्या. डोंगरात बोलण्याइतकी रेंज नसली तरी कधी कधी मेसेज जातो, म्हणून 999 वर "रजिस्टर" हा शब्द इंग्रजीत एसएमएस करून आपला नंबर आजच नोंदवून ठेवा. शिट्टीही जवळ असू द्या, मिनिटात सहा वेळा वाजवणं ही मदतीची खूण आहे.

इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे सव्वादोन लाख किलोमीटरच्या सार्वजनिक पायवाटा आहेत, आणि त्यातल्या कितीतरी थेट शेतकऱ्याच्या कुरणातून जातात. खाजगी शेतातून जायला सुरुवातीला संकोच वाटतो, पण पायवाटेची पाटी असेल तर तो तुमचा हक्क आहे. फाटक जसं सापडलं तसंच ठेवून पुढे जा. वासरं असलेल्या गायींच्या मधून मात्र जाऊ नका, लांबून वळसा घ्या.

दिवसभराच्या एक-दोन सहली जमल्या की मुक्कामाची ओढ लागतेच. यॉर्कशर डेल्सच्या दऱ्याखोऱ्यांत किंवा तळ्यांच्या लेक डिस्ट्रिक्टमध्ये सहा-आठ जणांनी कॉटेज घेतलं तर हॉटेलपेक्षा स्वस्त पडतं, आणि रात्रीच्या गप्पा फुकट. मे महिन्यातल्या पहिल्या आणि शेवटच्या सोमवारी सुट्टी असते, त्या वीकेंडची घरं हिवाळ्यातच जातात, तेव्हा जानेवारीत ठरवा. पैसे एकाने भरायचे आणि स्प्लिटवाइज या हिशेबाच्या ॲपवर टाकायचे. बुकिंग झाल्यावर कुणी गळालं तर त्याचा वाटा त्यानेच द्यायचा, हे आधीच मोकळेपणाने बोलून घ्या. पैशांबद्दल लवकर आणि स्पष्ट बोलणं इथे कुणालाही खटकत नाही. घर बहुधा दुपारी चारला ताब्यात मिळतं आणि निघताना दहाला सोडायचं असतं.

सामान शुक्रवारीच आणा. रविवारी मोठी दुकानं सहाच तास उघडी असतात आणि खेड्यात दुकान असेलच असं नाही. मी कुकर, मिसळणाचा डबा आणि ब्रॅडफर्डहून आणलेले पोहे घेऊन जाते. पहिल्या रात्री पिठलं-भात, सकाळी कांदेपोहे, डोंगरावर धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी. धपाटे थंडीतही मऊ राहतात आणि हातमोजे घालून खाता येतात, सँडविचपेक्षा कितीतरी बरे. दुसऱ्या रात्री यॉर्कशरकर मंडळी स्वयंपाकघराचा ताबा घेतात. ही अदलाबदल ठरवूनच करा, नाहीतर आपण पाहुणचाराच्या सवयीने तिन्ही वेळा ओट्यापाशी उभं राहतो आणि त्यांना अवघडल्यासारखं होतं. मिरचीची फोडणी देताना पंखा लावा, खिडकी उघडा, स्वयंपाकघराचं दार लावून घ्या. धुराचा अलार्म वाजला तर टॉवेलने हवा घाला, पण तो काढून किंवा झाकून ठेवू नका, त्याच घरात सगळे झोपणार असतात.

पब टाळू नका, दारू पीत नसलात तरीही. चालून आल्यावर शेकोटीपाशी बसायची ती गावातली जागा आहे, मुलंही येतात, कुत्रीही. चिखलाचे बूट दारात काढा. मागवायला काउंटरवर जायचं. राउंडची पद्धत अशी की एकेकाने आळीपाळीने सगळ्यांसाठी आणायचं. आपल्याला लाइम अँड सोडाच हवं असेल तर तेच सांगा, आणि आपली पाळी आली की उठून सगळ्यांसाठी आणा. एकच पेय घेऊन निघायचं असेल तर सुरुवातीलाच "माझं मी घेते" म्हणा, कुणी आग्रह करत नाही. स्वयंपाकघर रात्री नऊच्या आसपास बंद होतं, तेव्हा सहापेक्षा जास्त जण असाल तर आधी फोन करा. शाकाहारी माणसाने रविवारी नट रोस्ट, म्हणजे सुक्या मेव्याचा भाजलेला पदार्थ, विचारावा.

सहलीला स्वतः गाडी चालवत जायचं असेल तर भारतीय लायसन्सवर इथे राहायला आल्यापासून 12 महिने गाडी चालवता येते, पुढे इथली परीक्षा द्यावी लागते. वेल्समध्ये वस्तीतली वेगमर्यादा बहुतेक ठिकाणी ताशी 20 मैल आहे. आणि कुणी बेलफास्टहून (ते यूकेतच येतं) आयर्लंडमधल्या डब्लिनला जायची टूम काढली तर थांबा: इथल्या वर्क व्हिसावरच्या भारतीयाला आयर्लंडसाठी वेगळा व्हिसा लागतो, वाटेत कुणी अडवलं नाही तरीही.

डिसेंबरात लीड्सला पावणेचारलाच अंधार पडतो आणि माणसं घरात मिटून जातात. नवीन आलेल्यांना हिवाळ्याचे हेच तीन महिने सगळ्यात जड जातात, म्हणून तेव्हा गट बंद पडू देऊ नका, फक्त सहली लहान करा. यॉर्कचं नॅशनल रेल्वे म्युझियम फुकट आहे आणि गाडीने अर्ध्या तासात पोचता येतं. सॉल्टेअर त्याहून जवळ. टायटस सॉल्ट या गिरणीमालकाने गिरणी-कामगारांसाठी वसवलेलं हे गाव 2001 पासून जागतिक वारसा आहे, आणि जुन्या गिरणीत आता चित्रकार डेव्हिड हॉकनीची चित्रं लावली आहेत. दोन तास फिरून कुणाच्या तरी घरी सूप प्यायला जमलं तरी तो रविवार सार्थकी लागतो.

परतीच्या गाडीत सगळे दमलेले आणि खूश असतात, पुढची तारीख तेव्हाच धरा. घरी पोचल्यावर हिशेब त्याच रात्री टाका, फोटो गटावर द्या. आणि कुणी पहिल्यांदाच आलं असेल तर त्याला दुसऱ्या दिवशी गटाबाहेर वेगळा मेसेज करा: पाय दुखतायत का, आणि पुढच्या वेळी तुझ्यासाठी तिकीट काढू का.