कम्युनिटी कॉलेजातून यूसीला: कोर्सची मालिका मधेच तोडू नका

कॅलिफोर्नियात कम्युनिटी कॉलेजात (दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजात) असाल, तिथून तिसऱ्या वर्षाला यूसीत, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात, ट्रान्सफर व्हायचं असेल आणि तिचे बर्कली किंवा यूसीएलए हे कॅम्पस मनात असतील, तर ६० सेमिस्टर युनिट्स (क्रेडिट), जीपीए (ग्रेडची सरासरी), नोव्हेंबरअखेरची मुदत हे सगळं तुम्हाला पाठ असणार. टॅगही माहीत असेल, म्हणजे अटी पूर्ण केल्या तर प्रवेशाची हमी देणारा अर्ज. डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा, सांता क्रूझ या ६ कॅम्पसपैकी एका ठिकाणी सप्टेंबरात तो भरता येतो. बर्कली, यूसीएलए, सॅन डिएगोला अशी हमी मिळत नाही. तरी टॅग भराच. एक जागा हातची राखून मग मोठं स्वप्न बघा.

आता मी जिथे अडकले ते सांगते, आणि ते जरा लांबेल.

आपल्या कॉलेजचा कुठला कोर्स यूसीच्या कुठल्या कोर्सऐवजी चालतो ते असिस्टच्या साइटवर दिसतं. तिथे आपलं कॉलेज, यूसीचा कॅम्पस आणि मेजर (मुख्य विषय) निवडलं की दोन रकाने येतात. डावीकडे विद्यापीठाचे कोर्स, उजवीकडे आपल्या कॉलेजचे. उजवीकडे कधीकधी दोन-तीन कोर्स एकाखाली एक असतात आणि त्यांच्यामधे बारीक अक्षरात ‘अँड’. ते सगळे केले तरच डावीकडचं पदरात पडतं. माझं कॉलेज क्वार्टरचं, म्हणजे वर्षाच्या तीन छोट्या सत्रांचं, बर्कली दोन सेमिस्टरची. त्यामुळे तिकडचे फिजिक्सचे दोन कोर्स भरून निघायला आमच्याकडचे तीन लागत होते. दोन झाले, तिसऱ्याला जागा मिळेना. काउन्सेलर म्हणाल्या, शेजारच्या कॉलेजात उन्हाळ्यात कर, ट्रान्सफरेबल आहे, यूसी ती युनिट्स धरते. युनिट्सपुरतं ते खरं होतं. पण शेजारचं कॉलेज सेमिस्टरचं, त्यांनी फिजिक्स वेगळ्या ठिकाणी कापलेलं आणि त्यांच्या मालिकेला त्यांचा स्वतःचा ‘अँड’. माझे दोन इथले आणि एक तिथला मिळून कुठलीच मालिका पूर्ण होईना. युनिट्स जमा झाली, पण मेजरच्या तयारीत फिजिक्स अर्धवटच दिसत राहिलं.

अर्ज भरताना हे लक्षात आलं तेव्हा पोटात गोळा आला. शेवटी स्प्रिंगमध्ये (वर्षाच्या शेवटच्या सत्रात) तिसरा कोर्स माझ्याच कॉलेजात घेतला आणि अर्जात ‘नियोजित’ म्हणून दाखवला. फॉलला (वर्षाच्या पहिल्या सत्राला) प्रवेश हवा असेल तर स्प्रिंगपर्यंत झालेलं चालतं, म्हणून निभावलं. इंजिनिअरिंग, कंप्युटर सायन्स, फिजिक्सवाल्यांनी तर हे अजिबात हलक्यात घेऊ नये. तिथे चांगल्या जीपीएची मुलंसुद्धा अपुऱ्या तयारीमुळे मागे पडतात. एक मालिका एकाच कॉलेजात संपवा. ते अगदीच अशक्य असेल तर कोर्स घेण्याआधी त्या कॅम्पसच्या विभागाला ईमेल करा आणि लेखी उत्तर जपून ठेवा. तोंडी ‘चालेल’ला काही अर्थ नसतो.

सोपे प्रोफेसर शोधत कॉलेजं बदलणं मला मुळीच पटत नाही. मालिका तुटते ती बहुतेक त्याच नादात, आणि कच्चं राहिलेलं गणित तिसऱ्या वर्षी तिथे गेल्यावर पहिल्याच मिडटर्मला गाठतं. हजारो डॉलर घेणारे सल्लागारही नकोत. तुमच्याच कॉलेजातून, तुमच्याच मेजरमध्ये गेल्या वर्षी गेलेली एखादी मुलगी गाठा. ती अर्ध्या तासात जे सांगेल ते आयआयटीवाल्या काकांनाही सांगता येणार नाही, कारण ते या वाटेने गेलेलेच नाहीत.

घरच्यांचं म्हणाल, तर माझ्या आईला ‘डिप्लोमा करून डायरेक्ट सेकंड इयर’ असं सांगितल्यावर सगळं समजलं. मंडळाच्या गणपतीत कुणी “साधंच कॉलेज ना?” म्हणालं तर मनावर घेऊ नका. ट्रान्सफरच्या अर्जांमध्ये यूसी कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजच्या मुलांना प्राधान्य देते, एसएटी बघतच नाही. राज्यातल्या रहिवाशांना कम्युनिटी कॉलेजात सेमिस्टर युनिटला ४६ डॉलर पडतात. एच-४ वरच्या (आई-वडिलांच्या एच-१बी व्हिसावर अवलंबून असलेल्या) मुलांनाही हा दर मिळू शकतो, एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर मिळत नाही. मात्र एच-४ असेल तर २१ व्या वाढदिवसाचा हिशेब पहिल्याच वर्षी मांडा, कारण त्या दिवशी डिपेंडंट म्हणून राहण्याचा हक्क संपतो आणि तेव्हा पदवी बहुधा अर्धीच झालेली असते. वकिलाशी बोलणं पुढे ढकलू नका.

निबंधांची फार धास्ती नको. ३५० शब्दांची ४ उत्तरं, त्यातलं एक सक्तीचं, मेजरची तयारी कशी केली यावर. तिथे लॅबमध्ये नेमकं काय केलंत ते लिहा.

जानेवारीत अपडेट भरायचा असतो, त्यात फॉलचे ग्रेड आणि स्प्रिंगचे कोर्स टाकायचे. तो विसरलात तर अर्ज बाद होऊ शकतो. एप्रिलात होकार आला तरी तो अटींवर असतो. त्यानंतर कोर्स सोडायची वेळ आलीच, तर आधी विद्यापीठाला कळवा, उत्तर येऊ द्या, मगच ड्रॉपचं बटण दाबा.